खुर्ची निघाली आहे

बडोदे, रविवार

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर माझा आवाज चढला, तसं व्हायला नको होतं. पण "मुंबईचा माणूस मागतोय तर देऊन टाका ना ती खुर्ची" असं म्हणालीस, आणि त्याच दमात, जाता जाता, मणक्याची गादी सरकल्याचं सांगितलंस. मला राग कशाचा आला तेच कळेना. एमआरआय बघून डॉक्टर नक्की काय म्हणाले? कागदाचा फोटो पाठव.

खुर्ची आज सकाळी ट्रान्सपोर्टवाल्याकडे दिली. माईच्या गोधडीत गुंडाळली आहे, वर गोणपाट. बेंगळुरूला पोचली की तू उचलायला जाऊ नकोस, वॉचमनला सांग.

अण्णांनी ती १९७१ च्या उन्हाळ्यात केली. मी आठ वर्षांचा, दिवसभर रंध्याच्या सालपटांत बसलेला. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत जॉर्ज नाकाशिमा या जपानी-अमेरिकन लाकूडकारागिराच्या खुर्च्या पाहून ते भारावून आले होते. १९६४ मध्ये नाकाशिमांनी तिथे येऊन फर्निचर आखून दिलं होतं. त्याच्या कितीतरी आधी, तरुणपणी, नाकाशिमा पाँडिचेरीला अरविंदांच्या आश्रमाची गोलकोंडा इमारत बांधायला होते. आणि अरविंद तर तेरा वर्षं आपल्या बडोद्यात! एवढ्यावर अण्णांनी नाकाशिमांना गावचं माणूस करून टाकलं. नक्कल मात्र केली नाही. खुर्चीच्या डाव्या हाताच्या सागात गाठ निघाली. सुतार गाठ कापून टाकतो. अण्णांनी हाताचा बाकच तिच्याभोवतीने वळवला. अख्ख्या खुर्चीत एक खिळा नाही. कूस, म्हणजे लाकडाचं पुढे काढलेलं टोक, खाचेत ठोकली, वरून लाकडी खुंटी.

त्या गाठीला तू 'डोळा' म्हणायचीस. अण्णांच्या छातीवर पडून अंगठ्याने डोळा घाशीत झोपायचीस. तेवढं लाकूड अजूनही बाकीच्यापेक्षा गुळगुळीत लागतं.

पाय जड वाटतो का? मुंग्या येतात का? आल्या तर त्याच दिवशी दाखव, सोमवारची वाट बघू नकोस.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घरात आलं, तेव्हा दोन दिवस खुर्चीचे पाय पाण्यात होते. प्लायवूडचं कपाट फुगून पदर सुटले, फेकावं लागलं. खुर्ची मी सावलीत वाळवली. उन्हात भराभर वाळलं की लाकूड तडकतं. मग जवसाचं तेल हाताने जिरवलं. मागच्या उजव्या पायावर पाण्याची रेघ राहिली आहे, चार बोटं उंच. ती मी घासून काढली नाही, तूही काढू नकोस.

या खुर्चीत कामाला मात्र बसायचं नाही. ती बसकी आहे, मागे कललेली. लॅपटॉप मांडीवर घेतलास की मान वाकणार. अर्ध्या तासाने उठायचं. पाण्याची बाटली टेबलावर ठेवायची नाही, म्हणजे उठावंच लागेल. गोळ्या खाऊन दुखणं दाबायचं नाही. नंदूने दाबलं, त्याचं काय झालं ते तू पाहिलंस.

पुन्हा सुरू झालो. माफ कर. तू बत्तीस वर्षांची आहेस, एकटीने घर घेतलंस. दांडिया बाजारात भेटेल त्याला मी ते सांगतो. तुला कधी बोललो नाही. पण एकटी आहेस म्हणूनच रात्री झोप लागत नाही. बाथरूममध्ये वाकलीस आणि उठताच आलं नाही तर? शेजारच्या काकूंकडे किल्ली ठेव. एवढं ऐक.

आईने तिकिटं बघायला सांगितली आहेत. तू नको म्हणालीस तर येणार नाही, पण लगेच नको म्हणू नकोस.

खुर्ची पोचली की कळव. आणि कागदाचा फोटो.

तुझा
बाबा

ता. क. लीलो चिवडा बैठकीवर बांधला आहे. गोधडी जपून सोड. वाकून नको, कुणाला तरी सोडायला सांग.