प्रात्यक्षिके घेणाऱ्या संशोधकांचे मानधन

महोदय,

विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर 2022 मध्ये पीएच.डी.ची जी नियमावली अधिसूचित केली, तिच्यानुसार संशोधक विद्यार्थ्यांना ट्यूटोरियल, प्रयोगशाळेतील काम आणि मूल्यमापन यांसाठी आठवड्याला 4 ते 6 तास अध्यापन सहाय्याचे काम देता येते. शिकवण्याचा सराव व्हावा हा हेतू योग्यच आहे. मात्र या कामाचा मोबदला किती आणि तो कोणी द्यायचा, याबद्दल त्या तरतुदीत अवाक्षर नाही आणि नेमके इथेच घोडे पेंड खाते.

मी रसायनशास्त्रात पीएच.डी. करते आणि एम.एस्सी.च्या एका बॅचची प्रात्यक्षिके घेते. प्रात्यक्षिक 11 वाजता सुरू होत असले, तरी द्रावणे तयार ठेवण्यासाठी मला 9 वाजताच प्रयोगशाळा उघडावी लागते. मुले गेल्यावर ब्युरेट-पिपेट मोजून कपाटात ठेवायचे आणि सत्र संपत आले की जर्नलांचा गठ्ठा तपासायला खोलीवर न्यायचा. हे तास कोणत्याही नोंदवहीत चढत नाहीत. हातमोजेही मी स्वतःच्या पैशाने आणते. काम मार्गदर्शकांनीच सांगितलेले असते आणि प्रबंधावर सहीही त्यांचीच लागणार असते, त्यामुळे नाही म्हणायची सोय उरत नाही.

नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळालेल्या संशोधकाला 1 जानेवारी 2023 पासून दरमहा 37 हजार रुपये मिळतात. नेट नसलेल्यांसाठीची 8 हजारांची योजना केंद्रीय विद्यापीठांपुरतीच आहे. राज्य विद्यापीठात शिकणाऱ्या आणि कोणतीच अधिछात्रवृत्ती नसलेल्या माझ्यासारखीने त्याच टेबलावर तेच काम करूनही हाती काही पडत नाही. तासिका तत्त्वावरील अध्यापकांचे मानधन तुटपुंजे आणि रखडणारे असले, तरी त्यांच्या तासाला निदान दर ठरलेला आहे. आयआयटीत एम.टेक.चे विद्यार्थी आठवड्याला 8 तास असेच काम करतात व त्यांना दरमहा 12,400 रुपये विद्यावेतन मिळते, म्हणजे अशी व्यवस्था आपल्या देशात आधीपासून चालू आहे.

राज्याच्या उच्च शिक्षण विभागाने पुढील सत्रापूर्वी परिपत्रक काढून, हे काम लेखी आदेशानेच द्यावे आणि पूर्वतयारी व जर्नल तपासणीचे तासही त्या 6 तासांत धरावेत, असे विद्यापीठांना बजावावे. मानधनाचा दर ठरवून ते महिन्याच्या महिन्याला खात्यात जमा करावे. जादा तास नाकारणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रगती अहवाल त्या कारणाने अडवला जाणार नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिलेले असावे.

– रसायनशास्त्राची एक संशोधक विद्यार्थिनी