भिंतीवरचे डाग वाचणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही आमच्याकडे ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून, म्हणजे माणसाला रोजची कामं घरात सुरक्षितपणे करता यावीत यासाठी उपाय सुचवायला आलात, तुमचं काम होतं ते केलंत, असं तुम्ही म्हणाल. तरीही हे पत्र जाहीरपणे लिहितेय, कारण घरात म्हातारं माणूस असलेल्या आणखी चार जणांनी ते वाचावं असं वाटतं.

आई पडलेली नव्हती. अधूनमधून तोल जायचा, एवढंच. पडायच्या आधी तुम्हाला बोलावलं हे शहाणपण डॉक्टरांचं, आमचं नव्हे.

आल्या आल्या तुम्ही घर बघाल असं वाटलं होतं. तुम्ही आईला म्हणालात, "रात्री उठून बाथरूमला जाता ना, तशा जाऊन दाखवा." पडदे ओढले, दिवे घालवले, आणि तुम्ही वही घेऊन तिच्या मागोमाग. पॅसेजच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला एक मळकट पट्टा उमटलाय. आम्ही तो रंग देऊन झाकणार होतो. तुम्ही त्यावरून बोट फिरवत गेलात. दाराशी फिकट, पुढे जरा गडद, आणि बाथरूमकडे वळायच्या कोपऱ्यावर पार काळपट. "आधाराची दांडी कुठे हवी ते आईंनी आधीच हाताने लिहून ठेवलंय," असं म्हणालात. आई लाजली. मला मात्र त्या क्षणी तुमचं काम नेमकं काय असतं ते कळलं.

भिंत धरत जाणारा तोच हात पुढे बाथरूममधल्या टॉवेलच्या दांडीवर जात होता. तुम्ही ती दोन बोटांनी हलवली, तर स्क्रू लगेच डुगडुगला. ती टॉवेलापुरती असते. घसरणारा माणूस सगळं वजन एका हिसक्यात टाकतो. आधाराची दांडी निदान ११३ किलो भार पेलणारी हवी आणि नुसत्या टाइलवर नव्हे, आत भक्कम भिंतीत बसवलेली हवी, हे तुम्ही मिस्त्रींना उभं राहून सांगितलंत. हवेच्या दाबाने चिकटणारी दांडी मी दाखवली, ती तुम्ही बाजूला ठेवलीत. ती कधी सुटेल याचा भरवसा नाही. सर्वसाधारण उंची ३३ ते ३६ इंच, तरी खुणा आईला तिथे उभं करून, तिचा हात सहज जाईल तिथेच केल्यात.

पायपुसणी गेली, वायरी भिंतीकडेला गेल्या, त्यात सांगण्यासारखं फार नाही. दाराचं मात्र कधी सुचलं नसतं. बाथरूमचं दार आत उघडत असेल आणि माणूस आत दाराला लागून पडला, तर बाहेरच्याला दार ढकलताच येत नाही. आता ते बाहेर उघडतं, आणि कडी बाहेरूनही काढता येते.

"पायरी हलते" ही आईची जुनी तक्रार तुम्ही थेट चष्म्यापाशी नेलीत. दुहेरी भिंगाच्या चष्म्यात खालचा भाग जवळचं वाचण्यासाठी असतो, त्यातून पायाखालची पायरी धूसर दिसते. चालताना वापरायला तिला फक्त लांबचा चष्मा मिळाला आणि पायऱ्यांच्या कडांना ठळक पट्ट्या लागल्या. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो, हे ऐकल्यावर आम्हाला पुरणारे दिवे तिला का पुरत नव्हते तेही उमगलं.

पण खरे आभार मानायचेत ते एका खोडलेल्या ओळीबद्दल. पलंगाशेजारी खुर्चीवजा कमोड ठेवा, असं तुम्ही यादीत लिहिलं होतं. आई म्हणाली, "माझ्या खोलीत ते नको." मी तिची समजूत घालायला तोंड उघडलं, तेवढ्यात तुम्ही ती ओळ खोडलीसुद्धा. मग पलंग ते बाथरूम वाट नीट करण्यावर जोर दिलात: पाय जमिनीला लागला की उजळणारा दिवा, पॅसेजभर दांडी, आणि उठल्यावर लगेच न चालता जरा पलंगाच्या कडेला बसायची सवय, कारण एकदम उभं राहिलं की रक्तदाब उतरतो. दांडीचा रंगही तिलाच निवडू दिलात. तिने गडद निळा घेतला, आणि पांढऱ्या टाइलवर तोच उठून दिसतो. आपल्या घरात आपल्याला कोणी विचारतंय, याचं तिला केवढं अप्रूप वाटलं! आता ती दांडी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते.

जिन्याच्या दुसऱ्या बाजूचा कठडा तेवढा राहिलाय. शेवटच्या पायरीपुढे फूटभर न्यायचा म्हटल्यावर मिस्त्री कुरकुरले, "एवढा लांब कशाला?" आईनेच त्यांना समजावलं, की पायऱ्या संपल्या असं वाटतं तेव्हाच पाय चुकतो, म्हणून हात तोवर धरलेला हवा. अगदी तुमच्या शब्दांत. काम झालं की फोटो पाठवते.

तुमची ऋणी,
आईची लेक