उभ्या बागेचा पंचनामा : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

खात्याचं नाव मुद्दाम लिहिलं नाही. द्राक्षबागेचं नुकसान कागदावर यावं, या एका कामासाठी दिवाळीपासून मी चार कचेऱ्यांच्या पायऱ्या चढले आणि चारही ठिकाणी 'हे आमच्याकडे येत नाही' एवढंच ऐकून उतरले. ज्यांच्याकडे येतं त्यांनी हे पत्र आपल्यालाच आहे असं समजावं. तूर्त तुम्हाला लिहिते, कारण सप्टेंबरात तुम्ही आमच्या बांधावर आला होता.

सीना नदीला पूर होता. तिकडची गावं बघून परतताना तुमचा ताफा सोलापूरजवळच्या आमच्या नान्नजच्या अलीकडे थांबला. गमबूट घालून तुम्ही चिखलात उतरलात, त्याचं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. एकही शेतकरी मदतीवाचून राहणार नाही, असं म्हणालात. मी बायकांच्या घोळक्यात मागे होते. तुम्ही माझ्याकडे बघून मान डोलावलीत असं वाटलं, घरी येऊन सासूबाईंना तसं सांगितलंही. आता वाटतं, माझ्यामागे कॅमेरा असावा.

गेल्या सोमवारी मदतीची यादी लागली. आमचं नाव नाही. विचारायला गेले तर पंचनाम्याचा कागद पुढे केला. बाग उभी, वेली हिरव्या, मंडप शाबूत, नुकसान निरंक.

निरंक. किती स्वच्छ शब्द आहे बघा, जेवून घासून ठेवलेल्या ताटासारखा.

साहेब, बाग उभी आहे हे मी कुठे नाकारते? वेली हिरव्यागार आहेत. त्यांना द्राक्षं तेवढी नाहीत.

हे कसं होतं ते सांगते, पाच मिनिटं द्या. द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी. लोकांना वाटतं पीक ऑक्टोबरात सुरू होतं. तसं नसतं. पीक ठरतं ते खरड छाटणीनंतरच्या चाळीस ते साठ दिवसांत, काडीवरच्या डोळ्याच्या आत. बाहेरून काही दिसत नाही. आत एक कोंब असतो, त्याचा एक तर घड होतो, नाही तर बाळी, म्हणजे तारेला धरायला वेल जो तणावा काढते तो. कडक ऊन आणि मुळाला वाफसा, म्हणजे ओलीबरोबर हवाही, मिळाला तर घड. सोलापूरच्या ज्या उन्हाला सगळा महाराष्ट्र नावं ठेवतो ना, ते ऊन आमच्या घराचं अन्न आहे. २०२५च्या मे महिन्यात ते ऊनच पडलं नाही. ढग आणि पाऊस, पाऊस आणि ढग. पांढरी मुळी पाण्यात गुदमरली आणि डोळ्याडोळ्यात घडाच्या जागी बाळी बसली. सप्टेंबरच्या पावसानं डाऊनी, म्हणजे पानांवरची बुरशी, आणून काही पानं झाडली, तो फक्त शेवटचा घाव.

आणि हे सिद्ध करता येत नाही असं नाही. फळछाटणीआधी काडी तपासून घेतात. डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की आत घड आहे का बाळी, ते दिसतं. मी सप्टेंबरअखेर तपासणी करून घेतली होती. अहवाल अर्जाला जोडला. पंचनाम्याला आलेल्यांनी तो वाचला, घडी घालून परत दिला, म्हणाले, "बाई, आम्हाला डोळ्यांना दिसेल तेच लिहायचं असतं." त्यांना दोष देत नाही, त्यांच्या मागे चाळीस वाड्यावस्त्या होत्या. पण वेलीचा डोळा आणि सरकारचा डोळा यांची गाठ पडत नाही, ती अशी.

१४ ऑक्टोबरला छाटणी केली. डोळे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावली, बायका लावल्या, रोख मोजून दिली. नोव्हेंबर लागला तशी मी आणि सासूबाई ओळीनं मोजत निघालो. एका वेलीवर आम्ही तीस-पस्तीस घड राखतो, जास्तीचे काढून टाकतो. यंदा काढायचं कामच वाचलं. चार, दोन, शून्य, शून्य, सहा, शून्य. अडीच एकरात २,४०० वेली आहेत. सहाव्या ओळीला सासूबाई म्हणाल्या, "बास कर गं. मोजून येणार हायेत व्हय?"

गावात म्हणतात बाग वांझ गेली. मला तो शब्द आवडत नाही, बाईला लावलेला आवडत नाही आणि वेलीलाही नाही. पण 'निरंक'पेक्षा तो खरा आहे.

तर मी परत अर्ज केला. पंचनाम्याची मुदत संपली होती. विम्याचं विचारलं, तर द्राक्षाचा विमा अवेळी पावसासाठी ऑक्टोबरच्या मध्यापासून धरतात. म्हणजे मे महिन्यातला पाऊस हा पाऊसच नव्हे. गारपीट झाली तर ७२ तासांत कळवा असाही नियम आहे. माझा घड मेला मे महिन्यात, मला कळलं सप्टेंबरअखेर. ७२ तास कुठून मोजू, सांगा. गंमत म्हणजे सरकारचं आर्थिक वर्षही एप्रिललाच लागतं, आमच्या खरड छाटणीबरोबर. तेवढं एक जुळतं, पण त्याचा उपयोग काही नाही.

आमच्या नान्नजला माळढोकाचं अभयारण्य आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर माणसं बसवून प्राणी मोजतात. माळढोक आता दिसेनासा झाला, तरी त्याची वाट बघत मोजणी होते. व्हावीच. नसलेला पक्षी मोजायला माणसं मिळतात आणि माझे नसलेले घड मोजायला एक मिळत नाही, एवढंच म्हणते.

आता पैशाचं. हिशेब पेन्सिलीचा आहे, पण माझ्या वहीतला आहे. एकराला तीन लाख जातात: खतं, औषधं, मणी फुगवायला घड ज्यात बुडवतात ते जीए, विरळणीची मजुरी, ट्रॅक्टर, वीज. अडीच एकराचे साडेसात. घड नाहीत म्हणून खर्च थांबतो असं समजू नका. भाकड गाईलाही वैरण लागते. पानं टिकवली नाहीत तर पुढच्या वर्षीची काडी जाते, म्हणून रिकाम्या वेलींवर भुरीची आणि डाऊनीची फवारणी चालूच आहे. औषधाच्या दुकानदाराची उधारी, सोसायटीचं कर्ज आणि वर मालकांचा पगार सगळा बागेत. मालक सोलापूरला चादरीच्या कारखान्यात आहेत. मागावरचा पैसा तारेवर चढवायचा, असं आमचं वीस वर्षं चाललंय. चादरीला भौगोलिक मानांकन, डाळिंबाला मानांकन, मंगळवेढ्याच्या ज्वारीला मानांकन. जिल्ह्याला मानांकनांची कमी नाही.

यादीत नाव आलं असतं तरी काय मिळालं असतं? बहुवार्षिक पिकाला हेक्टरी २२,५००, वर तुम्ही वाढवून दिलेले १०,००० धरून ३२,५००. एकरी तेरा हजार. तीन लाखांना तेरा हजार. सरकारचं मदतीचं पॅकेज ३१,६२८ कोटींचं होतं, आकडा आमच्या बाळूला पाठ आहे, शाळेत विचारला होता. एवढ्या कोटींतून माझ्या वाटचे बत्तीस हजार सुटले म्हणून रडते आहे असं कुणाला वाटेल. पैशाचं दुःख आहेच, पण नुकसान झालंच नाही असं सही-शिक्क्यानं लिहून दिलंय, ते जास्त लागतं. त्या कागदावर सोसायटी कर्जाची मुदत वाढवत नाही. निरंक असेल तर हप्ता भरा, म्हणतात. बरोबरच आहे त्यांचं.

याच नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी थॉमसन जातीच्या बागेत वेगळी फांदी हेरली आणि तिच्यातून सोनाका ही नवी जात उभी केली. लांब मण्याची ती द्राक्षं देशभर गेली. माझ्याकडे दीड एकर तीच आहे, उरलेल्या एकरात बेदाण्यासाठी माणिक चमन. एक शेतकरी हजारो काड्यांत एक फांदी ओळखू शकला, कारण तो बघत होता. तुमच्या व्यवस्थेत बघण्याचं काम कुणाकडे आहे? पडलेलं घर दिसतं, वाहून गेलेली माती दिसते, मेलेली म्हैस दिसते. पडल्याशिवाय काही दिसत नाही. माणूसही दोरीला लटकला की दिसतो, मग त्याचा पंचनामा अगदी वेळेत होतो.

हे जास्त झालं असेल. राहू दे, खोडत नाही.

उसाचं बघा. उसामागे कारखाना, कारखान्यामागे चेअरमन, चेअरमनमागे तुम्ही. द्राक्षाच्या मागे कोण? २०२२ मध्ये किराणा दुकानात वाईन ठेवायची का नाही यावर केवढं रण माजलं, तेव्हा आठ दिवस द्राक्षवाला सगळ्यांना आठवला. एका बाजूनं त्याचा कळवळा, दुसऱ्या बाजूनं संस्कृतीचा. मग दोघंही घरी गेले. सोलापूरला आता विमान उतरतं, साखर कारखान्याची चिमणी पाडून वाट मोकळी केली. मनात आलं की काय काय होतं, ते आम्ही बघितलंय.

माझं मागणं लांबलचक नाही. द्राक्षाचा पंचनामा फळछाटणीनंतर वीस-पंचवीस दिवसांनी, घड दिसल्यावर करा. काडी तपासणीचा अहवाल पुरावा म्हणून धरा. विमा खरड छाटणीपासून लागू करा. आणि आमच्या कागदावरचं ते 'निरंक' खोडा. पैसे नाही दिलेत तरी आधी ते खोडा.

१० एप्रिलला खरड छाटणी धरली आहे. शेजारच्यांनी संक्रांतीनंतर जेसीबी लावून बाग काढली, खोडं चुलीला गेली. माझ्या वहीत एका पानावर छाटणीची मजुरी आणि जेसीबीचा ताशी दर शेजारीशेजारी लिहिला आहे. मालक म्हणतात तू म्हणशील तसं. सासूबाई काहीच म्हणत नाहीत, संध्याकाळी एक चक्कर मारून येतात आणि बाळ्या खुडून ओच्यात आणतात. मार्चअखेर माणूस पाठवलात तर बाग बघायला मिळेल. त्यानंतरचं सांगता येत नाही.

कळावे,
नान्नज शिवारातली एक बागायतदार

ता. क. : पंचनाम्याला आलेल्यांनी आधी 'मालक कुठेत?' असं विचारलं होतं. सातबाऱ्यावर नाव माझं आहे. उत्तर पाठवलंत तर पाकिटावर 'श्री.' लिहू नका.