‘कंट्रोल’ म्हणजे दंडुका नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला लोक नियम का पाळतात यावरचा लेख दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचला कारण वाटलं आपलीच वाचण्यात काहीतरी चूक झाली असेल. पण नाही, लेखकाने खरंच लिहिलंय की ‘कंट्रोल थिअरी’चं म्हणणं म्हणजे कॅमेरे वाढवा, शिक्षा कडक करा, पोरांवर नजर ठेवा. साहेब, हे साफ उलटं आहे. नावात कंट्रोल आहे म्हणून तो पोलिसांचा कंट्रोल होत नाही.

ही थिअरी मांडणाऱ्या ट्रॅव्हिस हिर्शी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1969 साली प्रश्नच फिरवला. गुन्हेगार गुन्हा का करतो ते राहू दे, बाकीचे सगळे का करत नाहीत ते सांगा. आणि कॅलिफोर्नियातल्या चार हजारांवर शाळकरी मुलांकडून माहिती घेऊन त्याने जे मांडलं ते माणसाला समाजाशी बांधून ठेवणाऱ्या बंधांबद्दल होतं. माणसांची ओढ, आजवर कमावलेलं गमवायची काळजी, कामाधंद्यात जाणारा वेळ आणि नियम योग्य आहेत ही मनापासूनची खात्री. यात दंडुका कुठे आला?

मी सोळा-सतरा वर्षांचा असतानाची गोष्ट सांगतो, कारण ती मला अजून लख्ख आठवते. आम्ही चार जणांनी एका बांधकामावरून तांब्याची वायर उचलायचं ठरवलं होतं. रात्रीची वेळ, वॉचमन नाही, दिवा नाही, पकडले जायची भीती शून्य. मी कोपऱ्यापर्यंत गेलो आणि थांबलो. डोळ्यांसमोर आई आली. मी कितीही उशिरा आलो तरी तीच उठून कडी काढायची आणि झोपेतच विचारायची, जेवलास का? तिच्या तोंडाकडे बघून मी काय सांगणार होतो? मागे फिरलो. हिर्शीने नेमकं हेच लिहिलंय की मोह होतो त्या क्षणी आईबाप तिथे हजर असायची गरज नाही, ते मनात हजर असले म्हणजे झालं.

माझा मित्र मात्र वायर उचलायला गेला. तेव्हा कोणी पकडलंही नाही त्याला. त्याच वर्षी एका मारामारीवरून शाळेने त्याचं नाव कमी केलं आणि दाखला हातात दिला, कोणी त्याला समोर बसवून चार शब्द विचारले नाहीत याचा राग माझ्या मनात आजही आहे. तो मला म्हणाला होता, ‘आता माझं काय जाणार आहे?’ जॅक्सन टोबी या समाजशास्त्रज्ञाने 1957 मध्ये हाच मुद्दा मांडला होता, ज्याला गमावण्यासारखं काही असतं तो सांभाळून वागतो. दोन वर्षांनी मित्र आत गेला. आणि सुधारला कधी, तर लग्न झालं आणि एका गॅरेजवाल्याने विश्वासाने किल्ल्या त्याच्या हातात दिल्या तेव्हा. सॅम्पसन आणि लाउब या गुन्हेगारीच्या अभ्यासकांनी 1993 च्या पुस्तकात हेच दाखवलंय, चांगली नोकरी आणि जिव्हाळ्याचा संसार लाभला की लहानपणी बिघडलेले कितीतरी लोक मार्गावर येतात.

लेखात अजून एक आहे की मुलांना क्लास, शिबिरं, खेळ यात अडकवून ठेवा. रिकामं मन सैतानाचं घर हे आपण सगळेच म्हणतो, पण हिर्शीच्या स्वतःच्या आकड्यांत हाच धागा सगळ्यात कच्चा निघाला. गुन्ह्याला वेळ लागतोच किती? वायर उचलायला आम्हाला दहा मिनिटं पुरली असती.

आता लिहितोच आहे तर दुसरंही सांगतो. त्याच अंकात चौथ्या पानावर चोरीत सापडलेल्या अल्पवयीन मुलाचा फोटो आहे. डोळ्यांवर काळी पट्टी लावलीत, पण शाळेचा शर्ट दिसतोय, मागे घराचं दार दिसतंय, आजूबाजूच्या कोणालाही तो ओळखू येणार. मला हे बघून फार वाईट वाटलं. त्याची शाळा, त्याचे शेजारी, जे काही थोडे बंध शिल्लक होते ते तुम्ही छापून तोडलेत.

लेखातली चूक पुढच्या पुरवणीत दुरुस्त करा, आणि तो फोटो निदान तुमच्या वेबसाईटवरून आजच्या आज काढा.

आपला,
एक जुना वर्गणीदार