इंटरमिजिएटला ए ग्रेड, पुढे काय?

संपादक साहेब, नमस्कार.

दहावी-बारावीचा निकाल लागला की पेपरात करिअरचं पान येतं, आणि बघावं तर इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग, स्पर्धा परीक्षा, बास. जाहिरात क्षेत्राबद्दल ओळसुद्धा नसते म्हणून हे पत्र. मी देवगडकडचा, जाहिराती लिहिणं हेच माझं काम.

आपल्याकडे कितीतरी पोरं चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा देतात, ए ग्रेड काढतात आणि दहावीला वाढीव मार्क पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर जाते ती कायमची. घरच्यांना वाटतं चित्रं काढून पोट भरत नाही. त्यांना कुणी सांगतच नाही की बारावीनंतर अप्लाइड आर्टचा, म्हणजे उपयोजित कलेचा, बीएफए हा चार वर्षांचा पदवीचा कोर्स असतो, त्यात अक्षरांकन, फोटोग्राफी, इलस्ट्रेशन, जाहिरात सगळं शिकवतात, आणि सायन्सच हवं असंही काही नाही. मुंबईच्या जेजेचं नाव तरी ऐकलेलं असतं पण चित्रकलेचं कॉलेज आपल्या सावर्ड्यातही आहे हे चिपळूणपलीकडे किती जणांना ठाऊक आहे?

आणि चित्र येत नसलं तरी दार बंद नाही. जाहिराती लिहिणारे पीयूष पांडे १९८२ मध्ये ओगिल्वी या जाहिरात एजन्सीत आले, त्याआधी ते रणजी खेळले, चहाची चव पारखायची नोकरी केली. त्यांच्या फेविकॉलच्या जाहिराती कुणाला आठवत नाहीत? बसमध्ये, टपावर, बाजारात लोक काय नि कसं बोलतात ते कान देऊन ऐकलेलं असलं की असलं काम हातून होतं, आणि ते ऐकणं आमच्या दशावतार बघत, एसटीत गप्पा मारत वाढलेल्या पोरांना उपजत येतं असं मला मनापासून वाटतं.

आंब्याच्या पेट्याच बघा. हापूसला २०१८ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तरी बऱ्याच पेट्यांवर नेटवरून उचललेला भलत्याच जातीचा आंबा आणि खाली 'फ्रेश मँगो'. एका बागायतदारांकडे मजकूर लिहायला गेलो होतो, कागद बाजूला ठेवून नुसता त्यांच्याशी बोलत बसलो तर ते म्हणाले, "देठाकडे नाक लाव, मगे समाजतला." हेच छापलं आम्ही पेटीवर, मोठ्या अक्षरात! यापेक्षा चांगलं वाक्य मला ऑफिसात बसून सुचलं नसतं.

बागायतदार, हॉटेलवाले, होमस्टेवाले यांनाही विनंती आहे की गावातल्या पोराकडून लोगो, बोर्ड, रील करून घेताना "घरचाच आहे, करून देईल" म्हणू नका, पैसे द्या. पहिलं काम पैसे घेऊन केलेलं असलं की घरचे पण गप्प होतात आणि पुढे एजन्सीत दाखवायला हातात काहीतरी असतं.

तुम्ही यंदा त्या पानावर अर्धा कॉलम जाहिरातीला द्या, कोर्स, फी, प्रवेशाच्या तारखा एवढं छापलंत तरी पुरे. मजकूर लागला तर मी लिहून देतो.

— एक वाचक, देवगड