मुक्ताला, ट्रेनिंगवरून झालेल्या वादानंतर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोन तू आपटलास, मी नाही. एवढं नोंदवून ठेवते. झोपेचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच लिहायला बसले आहे.

तुझं म्हणणं, "मी सगळ्या पेशंटना सारखंच वागवते, मग भेदभाव टाळायला शिकवणारं हे सक्तीचं ट्रेनिंग कशाला?" वागवत असशील, शंकाच नाही. पण आप्पांनाही त्या डॉक्टरांनी सगळ्यांसारखंच वागवलं होतं. तोंडावर मास्क, नजर कॉम्प्युटरवर आणि बोलणं म्हणजे आगगाडी. आप्पांना ऐकू कमी यायचं, त्यात ओठ दिसेनात, म्हणून ते नुसते मान डोलवत राहिले. मी नर्स असून मला बरोबर येऊ द्यायचे नाहीत, ते तुला ठाऊकच आहे. पुढच्या खेपेला एक सिस्टर समोर येऊन बसल्या, कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं आणि म्हणाल्या, "आजोबा, घरी गेल्यावर गोळ्या कशा घेणार, ते आता तुम्ही मला सांगा." रक्त पातळ करणारी गोळी ते दोनदा घेत होते! "समजलं का?" एवढंच विचारलं असतं तर "हो" म्हणून मोकळे झाले असते. मग पाकिटांवर सूर्य-चंद्र तूच काढलेस. पाचवीत होतीस. चंद्राला मिशा का होत्या, ते तुझं तुलाच माहीत.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचं घे. २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या पेशंटच्या नोंदींवरून दिसलं की रक्तातला ऑक्सिजन खरोखर घसरलेला असताना आकडा मात्र ठीक, असं कृष्णवर्णीयांच्या बाबतीत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडत होतं. यंत्राच्या मनात काही नव्हतं. ते त्वचेचा रंग न बघता सगळ्यांच्या बोटावर सारखाच उजेड टाकतं. उलट ईजीएफआरमध्ये, म्हणजे किडनी किती काम करते त्याच्या हिशेबात, कृष्णवर्णीयांसाठी मुद्दाम वेगळा गुणक होता, त्यामुळे त्यांची किडनी कागदावर आहे त्याहून बरी दिसायची. तो २०२१ च्या नव्या सूत्रात काढला. म्हणजे कुठे सारखं मोजून चुकतं, कुठे वेगळं मोजून. हे चांगल्या मनाने कळत नाही गं, शिकावंच लागतं.

आणि मन तुझं चांगलंच आहे. मला काळजी आहे ती पहाटे चारच्या मुक्ताची. लागोपाठ नाईट झाल्या की डोकं आयत्या ठोकताळ्यांवर चालतं. "ही उगाच कण्हते." "याला सांगून काय समजणार." बायकांचा हार्ट अटॅक ॲसिडिटी किंवा टेन्शन म्हणून घरी पाठवला जातो, तो अशाच घाईत. तू किती तास झोपतेस? राहू दे. विचारायचं नव्हतं.

दोन दिवसांच्या ट्रेनिंगने माणूस बदलतो यावर माझाही विश्वास नाही. सर्टिफिकेट फाइलला लागतं आणि वॉर्ड आहे तिथेच राहतो. टर्वलॉन आणि मरे-गार्सिया या दोन डॉक्टर बायकांनी १९९८ मध्येच लिहून ठेवलंय की हे शिकणं कधी पुरं होत नाही, स्वतःला तपासत राहावं लागतं. म्हणून तिथे हे विचार: आपल्याच वॉर्डाचे केसपेपर काढून बघता येतील का, वेदनेचं इंजेक्शन कुणाला किती वेळाने मिळालं? पेशंटच्या लहान मुलाला दुभाषी करू नकोस. आई त्याच्यासमोर अर्धं लपवते आणि उरलेल्यातलं अर्धं ते गाळतं. व्हीलचेअरवरच्या बाईंशी बोल, खुर्ची ढकलणाऱ्याशी नको. आणि वजनकाट्यावर उभं राहता येत नाही म्हणून वजन अंदाजाने लिहू नकोस, औषधाचा डोस त्यावर ठरतो. ऑक्सिजन कमी पडल्याचा निळेपणा बघायचा तर...

पुरे. डॉक्टरला सिस्टर शिकवायला लागली. रागावू नकोस, वॉर्डची सवय जात नाही. तुझे बाबा परवा दादाला सांगत होते, मुक्ताकडे पेशंट स्वतःहून परत येतात. मी स्वयंपाकघरात होते, सगळं ऐकलं.

ट्रेनिंगमध्ये ऐकू कमी येणाऱ्यांबद्दल काही कागद दिले तर मला पाठव. हल्ली बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात आणि कबूल करत नाहीत.

तुझी,
आई

ता. क. नाईटनंतर स्वतः गाडी चालवू नकोस. हे झोपेबद्दल नाही, गाडीबद्दल आहे.