संडासात ॲसिड ओतू नकोस आई

आई,

परवा वहिनीनं फोनवर सगळं सांगितलं, तू काय सांगणार नव्हतीस ते मला माहितीय. दसऱ्याची साफसफाई काढलीस, संडासात आधी ॲसिड ओतलंस, तरी वास जाईना म्हणून वरनं ब्लीचिंग पावडर टाकलीस, दार लोटलेलं, आणि मग तासभर पायरीवर बसून खोकत होतीस. ऐकल्यापासून माझा जीव लागत नाही गं.

ती दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. 1915 मध्ये पहिल्या महायुद्धात बेल्जियममध्ये जर्मन सैन्यानं समोरच्यांवर सोडला होता तोच. हवेपेक्षा जड असतो, खाली जमिनीलगत साठतो आणि तू तर उकिडवी बसून घासत होतीस. परत कधी असा उग्र वास आला तर पाणी मारत बसायचं नाही, तडक बाहेर यायचं आणि दारखिडकी उघडी टाकायची. खरं तर ते ॲसिडच आता घरात आणू नकोस.

तू म्हणणार ॲसिडशिवाय ते पांढरं डाग कसं निघणार. इथं म्युनिकचं पाणी पण आपल्या बोअरसारखंच जड आहे, किटलीत, नळावर सगळीकडं पांढरा थर बसतोय आणि संडास बाथरूम मीच घासतो, त्यामुळं हे वापरून बघूनच सांगतोय. किराणा दुकानात लिंबू सत्व मिळतं ना, ढोकळ्यात घालतात ते, लिटरभर गार पाण्यात दोन मोठे चमचे टाकायचं, डागावर ओतून अर्धा तास सोडायचं मग ब्रश. नळाला त्यातच भिजवलेलं फडकं गुंडाळून ठेव. पाणी गारच घे, गरम केलं तर त्याचाच दुसरा थर बसतो आणि तो लई चिवट. जुना थर एका दिवसात निघणार नाही, दोनतीनदा करावं लागेल. पण बघ, हेसुद्धा आंबटच आहे, म्हणून ब्लीचिंगबरोबर हेही चालत नाही. आणि मागच्या शहाबादी फरशीवर, कडाप्प्याच्या कट्ट्यावर लिंबू व्हिनेगर काहीच लावू नकोस, तो चुनखडीचा दगड, आंबट लागलं की खातंय त्याला. न्हाणीतली फरशी खरखरीत झालीय ती ॲसिडनंच.

वहिनीनं व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करायचा व्हिडिओ पाठवला होता. फेस जोरात येतो खरा, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात, मागं नुसतं खारट पाणी उरतं. त्यापेक्षा सोडा सुका भुरभुरून ओल्या फडक्यानं सिंक घासा, व्हिनेगर खिडकीच्या काचेला ठेवा.

भांड्यांचं तर आज्जीकडं सगळं होतं. रिठे रात्री भिजत घालायचे, सकाळी उकळून चोळून गाळायचे, बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवलं की तीनचार दिवस जातंय. फेस कमी येतो म्हणून जास्त ओतू नकोस, आणि डोळ्यात उडू देऊ नकोस, लई झोंबतं. तांबड्या रश्श्याच्या पातेल्याचा कट मात्र रिठ्यानं निघत नाही, त्याला गरम पाण्यात धुण्याचा सोडा घाल, हातमोजे घालून. ॲल्युमिनियमच्या डब्यांना सोडा नको, काळे पडतात. देव्हाऱ्यातल्या तांब्यापितळेला चिंच आणि मीठ, ते तुला मी काय सांगायचं. चिंचेतलं आंबट वरचा काळा थर विरघळवतं आणि खालचं तांबं उघडं पडतं, एवढंच असतं ते.

ब्लीचिंग पावडर फेकून दे असं मी म्हणत नाही हां. 2019 च्या महापुरात पाणी उंबऱ्याच्या आत आलं तेव्हा तीच कामाला आली, घरात कुणाला जुलाब लागले तरी संडास धुवायला तीच पाहिजे, लिंबूव्हिनेगरनं ते जंतू मरत नाहीत. फक्त एकटी, साध्या पाण्यात कालवून, दार उघडं ठेवून. डबा ओट्याखाली नको, दादाला सांगून वरच्या फळीवर ठेव, पोरं हात घालतात.

खोकला गेला का खरंच? रात्री झोपल्यावर येतोय का, छातीत घरघर होतीय का, हे मला नीट सांग. अजून असेल तर उद्याच दादाबरोबर डॉक्टरांकडं जा आणि कशानं झालं ते लपवू नकोस त्यांच्यापासून. रविवारी तुमच्या संध्याकाळी फोन करतो, तू स्वतः उचल.

तुझा,
धाकटा